क्रूझ लागत नाही? आधी मागचे ब्रेक लाइट बघा

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जालना, छत्रपती संभाजीनगरच्या गाडीवाल्यांना क्रूझ कंट्रोलचा, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखण्याच्या सोयीचा, खरा उपयोग कळला. तोवर स्टिअरिंगवरची ती बटणं तशीच पडून असायची. बीड, परभणी, हिंगोलीकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, गावोगावचे गतिरोधक आणि मध्येच आडवी येणारी जनावरं. तिथे क्रूझ लावणार कुठे? त्यामुळे होतं असं की गाडी चार-पाच वर्षांची झाल्यावर एखाद्या दिवशी समृद्धीवर पहिल्यांदा बटण दाबलं जातं, क्रूझ लागत नाही, आणि बिघाड आजचा की तीन वर्षांपूर्वीचा हे कोणालाच सांगता येत नाही.

मग गॅरेजात ऐकू येतं, "क्रूझचा पार्ट गेला." खर्च चुकीच्या वाटेला लागतो तो इथून. आजच्या गाडीत क्रूझ कंट्रोल नावाचा वेगळा पार्ट नसतोच. जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा डबा आणि त्याची केबल असायची, ती अॅक्सिलरेटर ओढून धरायची. आता अॅक्सिलरेटरची केबलच गेली. पेडलवरचा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगतो आणि ईसीएम इंजिनाला किती जोर लावायचा ते ठरवतो. क्रूझ म्हणजे त्याच ईसीएमच्या प्रोग्रामचा एक भाग. तुम्ही सेट दाबता तेव्हा फक्त विनंती जाते. ईसीएम ती मान्य करण्याआधी, आणि मान्य केल्यावरही सतत, चौकशी करत राहतो: ब्रेक दाबलाय का, क्लच दाबलाय का, वेग नीट कळतोय का, गिअर योग्य आहे का, इंजिनात काही तक्रार आहे का. यातलं एकही उत्तर शंकास्पद आलं की तो नकार देतो. म्हणून शोधायचं ते क्रूझमध्ये काय बिघडलं हे नाही, ईसीएमला नको म्हणायला कोण लावतंय हे.

हत्यार हातात घेण्याआधी गाडी नक्की काय करते ते नीट बघून घ्या. मेन बटण दाबल्यावर मीटरमध्ये क्रूझचा दिवाच येत नाही, ही एक गोष्ट. दिवा येतो पण सेट होत नाही, ही दुसरी. सेट होतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतं, ही तिसरी. पहिल्या प्रकारात संशय स्टिअरिंगची बटणं, क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगच्या आतली तारांची गुंडाळी) किंवा फ्यूजवर जातो. दुसऱ्यात ब्रेक, क्लच किंवा वेगाच्या सेन्सरवर. तिसऱ्यात एखादा स्विच काठावर टेकलेला असतो किंवा तारा जोडणारा कपलर ढिला असतो. मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं "क्रूझ चालत नाही" म्हणण्यापेक्षा यातलं काय होतं ते सांगितलं तर त्याचं निम्मं काम तुम्हीच केलेलं असतं.

काही वेळा बिघाड नसतोच. बहुतेक गाड्यांत ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या खाली क्रूझ सेट होत नाही, आणि मॅन्युअल गाडीत खालच्या गिअरमध्येही अनेकदा होत नाही. ज्या गाडीत स्पीड लिमिटर (ठरवलेल्या वेगापुढे जाऊ न देणारी सोय) आहे तिथे बटण चुकून लिमिटरवर गेलेलं असतं. मीटरमधलं चिन्ह जवळपास सारखंच दिसतं. आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर क्रूझचा विचार तूर्त सोडा. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) किंवा अॅक्सिलरेटर पेडलचा कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा क्रमांक, असला, उदाहरणार्थ पी२१३५ किंवा पी२१३८, की ईसीएम क्रूझ मुद्दाम बंद ठेवतो. तो दोष काढला की क्रूझ आपोआप परत येतं.

आता ब्रेक स्विच. दिवा येतो पण सेट होत नाही, अशा गाडीत पहिली शंका यावरच घ्यावी. ब्रेक पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली, बोटाएवढा हा स्विच असतो. पेडल मोकळं असताना पेडलची पट्टी त्याची दांडी आत दाबून धरते. पेडल खाली गेलं की दांडी बाहेर येते. आत सहसा दोन वेगवेगळे संपर्क असतात. एक ब्रेक लाइट लावतो, दुसरा फक्त ईसीएमसाठी. एक जोडला की दुसरा तुटला पाहिजे. दोघांचं उत्तर जुळलं नाही की ईसीएम कोणावरच विश्वास ठेवत नाही आणि क्रूझ बंद करतो. पी०५०४ हा कोड याच विसंगतीचा, पी०५७१ ब्रेक स्विचच्या सर्किटचा. मात्र कोड नाही म्हणून स्विच चांगला, असं समजू नका. दांडी कायम बाहेर राहिली तर ईसीएमला वाटतं ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवलाय, आणि हा काही त्याच्या दृष्टीने दोष नव्हे.

तपासणी अगदी सोपी आहे. अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, हँडब्रेक ओढा, इग्निशन चालू ठेवा, इंजिन बंद. पेडलला हात न लावता भिंतीवर लाल उजेड दिसतोय का बघा. दिसला तर पेडल पायाच्या चवड्याने खालून वर उचला. उजेड गेला तर स्विच बहुधा ठीक आहे, दांडी पूर्ण दाबली जात नाही एवढंच. उजेड नसेल तर पेडल बोटाने हळूहळू दाबा. पहिल्या काही मिलिमीटरमध्येच लाइट लागले पाहिजेत आणि सोडताना पेडल वर टेकण्याच्या सुमारास विझले पाहिजेत. मग पेडलला वरून नुसती टिचकी मारा. टिचकीसरशी लाइट लुकलुकले तर स्विच फार काठावर बसवलेला आहे. अशा गाडीचं क्रूझ साध्या डांबरी रस्त्यावर टिकतं आणि सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यांवर धक्के बसले की सुटतं.

लाइट कायम चालू राहण्याचं एक कारण इतकं किरकोळ असतं की ते कोणाच्या ध्यानातच येत नाही. स्विचची दांडी जिथे टेकते तिथे पेडलच्या पट्टीला भोक असतं आणि त्या भोकात प्लास्टिकचं किंवा रबराचं छोटं बूच बसवलेलं असतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. वर्षांमागून वर्षं तापून ते बूच ठिसूळ होतं आणि एक दिवस फुटतं. मग दांडी थेट भोकातून आरपार जाते, दाबली जातच नाही. ब्रेक लाइट रात्रभर जळतात, सकाळी बॅटरी बसलेली, क्रूझ तर बंदच, आणि ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक न दाबताही गिअरचा दांडा पार्कमधून निघतो. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. प्लास्टिकचे तुकडे सापडले तर निदान झालं. बूच स्वस्त असतं, बोटाने दाबून बसतं. मिळेपर्यंत सपाट डोक्याचा छोटा बोल्ट आणि नट लावून वेळ मारून नेता येते, पण लोखंड दांडी झिजवतं, म्हणून तो कायमचा उपाय करू नका. क्लच पेडललाही बऱ्याच गाड्यांत तसंच बूच असतं. एक फुटलं की दुसरंही बदलून टाकावं.

बूच शाबूत असेल तर स्विचची जागा जुळवा. आट्यांचा स्विच असेल तर लॉक नट ढिला करा, पेडल पूर्ण वर असताना स्विच पुढे आणा, दांडी जवळपास पूर्ण आत जाऊ द्या आणि स्विचची बॉडी व पेडलची पट्टी यांत साधारण १ ते २ मिलिमीटर फट ठेवा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. फट अजिबात ठेवली नाही तर स्विच पेडलला खाली दाबून धरतो, ब्रेक सूक्ष्म लागलेले राहतात आणि डिस्क तापतात. हा धोका क्रूझपेक्षा मोठा आहे. फिरवून बसवायचा स्विच असेल तर आधी दांडी पूर्ण बाहेर ओढावी लागते. काही गाड्यांत तो पेडल दाबून बसवतात, काहींत पेडलला न शिवता. चुकीच्या पद्धतीने बसवला तर नवा स्विचही पहिल्या दिवसापासून चुकीचं सांगतो, आणि यातले अनेक स्विच एकदाच जुळतात, काढून पुन्हा बसवता येत नाहीत. त्यामुळे गाडीच्या मॉडेलची पद्धत वाचल्याशिवाय त्याला हात लावू नये.

मल्टीमीटर असेल तर कपलर न काढता मागच्या बाजूने सुई घाला. चार तारांच्या स्विचवर, इग्निशन चालू असताना, ब्रेक लाइटच्या तारेवर पेडल मोकळं असताना शून्य आणि दाबल्यावर बॅटरीएवढा व्होल्टेज यायला हवा. ईसीएमच्या तारेवर बहुतेक गाड्यांत नेमकं उलटं. दोन्ही एकदम बदलली पाहिजेत. दाबल्यावर १२ ऐवजी ८-९ व्होल्ट मिळाले तर आतले संपर्क जळालेत. स्विच बदला, खरवडत बसू नका. आणि शून्यच मिळालं तर स्विचला दोष देण्याआधी स्टॉप लाइटचा फ्यूज बघा.

ब्रेक स्विच निर्दोष निघाला तरी मागच्या दिव्यांपासून लगेच दूर जाऊ नका. एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे: क्रूझ दिवसा उत्तम चालतं आणि तिन्हीसांजेला हेडलाइट लावले की सुटतं. असं असेल तर गाठ जवळजवळ नेहमी मागच्या बल्बमध्ये असते. २१/५ वॅटच्या बल्बमध्ये फिलामेंटच्या दोन तारा असतात, ५ वॅटची पार्किंगची आणि २१ वॅटची ब्रेकची. तो होल्डरमध्ये एकाच बाजूने बसावा म्हणून त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. कोणी तो जोर लावून उलटा घुसवला, किंवा दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये एका फिलामेंटचा बल्ब बसवला, तर पार्किंगचा करंट ब्रेकच्या तारेत उलटा शिरतो. टेललॅम्पची अर्थिंग गंजली असेल तरी तेच होतं. करंटला जायला जागा नसते म्हणून तो दुसऱ्या तारेतून वाट काढतो. ईसीएमला दिसतं की ब्रेक दाबलाय. तपासायचं असेल तर पार्किंग लाइट लावा, ब्रेकला हात न लावता स्विचकडून मागे जाणाऱ्या तारेवर व्होल्टेज मोजा. शून्याऐवजी काहीही दिसलं तर दोन्ही टेललॅम्प उघडा, बल्ब नीट बसवा, अर्थिंगचा नट सोडून सँडपेपरने घासून पुन्हा आवळा.

एलईडी बल्बचंही असंच. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या, ब्रेक दाबलेला नसताना ब्रेकची तार साध्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला टेकलेली राहते आणि ईसीएम ते शून्य वाचतो. बाजारातला एलईडी बसवला की तो आधार जातो, तार अधांतरी राहते आणि भलतंच व्होल्टेज दिसतं. अॅक्सेसरीवाले यावर ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर जोडून देतात. चालतो, पण ब्रेक दाबून सिग्नलला उभं राहिलं की चांगलाच तापतो. प्लास्टिकच्या टेललॅम्पला चिकटवला तर तो वितळवेल, पत्र्यालाच बसवावा लागतो. माझं मत सरळ आहे: साधा २१/५ चा बल्ब परत लावा. आणि मागे जास्तीचा लुकलुकणारा स्टॉप लाइट लावून घेतला असेल, तर तो ब्रेकच्या तारेतून जोडून घेतलेला आहे हे विसरू नका. आधी तो सुटा करून बघा.

क्लच स्विचचं तंत्र तेच. पी०७०४ हा त्याचा नेहमीचा कोड. केबलचा क्लच असलेल्या गाडीत क्लच प्लेट बदलल्यावर किंवा केबल आवळल्यावर पेडलची उंची बदलते, आणि स्विच पूर्वीच्या जागी पोचत नाही. क्लचचं काम झालं आणि क्रूझ गेलं असं असेल तर दुसरीकडे शोधू नका. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असलेल्यांचंही क्रूझ असंच सुटतं.

आता स्टिअरिंगकडे. मेन बटणाचा दिवाच येत नसेल तर हॉर्न वाजवा, म्युझिकची बटणं दाबा आणि एअरबॅगचा दिवा बघा. यातलं एखादं सोबतीला बिघडलेलं असेल तर संशय क्लॉक स्प्रिंगवर. स्टिअरिंग फिरताना तारा तुटू नयेत म्हणून आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते, ती चिरते. सुरुवातीला बटणं स्टिअरिंग सरळ असताना चालतात आणि वळवलं की बंद पडतात. फक्त क्रूझचीच बटणं गेली असतील तर बटणांचा संच बघा. बहुतेक गाड्यांत एकाच तारेवर प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टर असतो आणि ईसीएम व्होल्टेजवरून कुठलं बटण ते ओळखतो. धूळ, घाम, सांडलेला चहा यांनी संपर्क मळतो, रेझिस्टन्स बदलतो, आणि सेट दाबलं तरी ईसीएमला ते कुठलंच बटण वाटत नाही. बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलं तरी क्रूझ मिळत नाही. मल्टीमीटर ओहमवर लावून प्रत्येक बटण दाबा. आकडा दर वेळी तोच आणि स्थिर यायला हवा, हळू दाबलं तरी आणि जोरात दाबलं तरी. नाचत असेल तर संच काढून संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. या बटणांपर्यंत पोचण्यासाठी बहुतेक गाड्यांत एअरबॅग काढावी लागते. बॅटरीची मायनस तार काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा; तो माहीत नसेल तर किमान दहा मिनिटं. चाकं सरळ ठेवा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मल्टीमीटर अजिबात लावू नका, मीटरचा बारीक करंटही एअरबॅगला पुरेसा ठरू शकतो. काढलेली एअरबॅग लोगोची बाजू वर करून ठेवा. नवी क्लॉक स्प्रिंग मध्यावर आणूनच बसवायची: हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणून खुणा जुळवा. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी तुटते आणि हजारोंचा पार्ट वाया जातो. हे काम आधी केलेलं नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

क्रूझसोबत एबीएसचा दिवाही लागला असेल तर चाकाच्या सेन्सरकडे जा. बऱ्याच गाड्यांत वेग तिथूनच मोजला जातो. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती चाकाच्या आत गच्च बसते आणि वाळली की दगडासारखी होते. सेन्सरची तार तिच्यात अडकून ताणली जाते. दिवा चाकाचं बेअरिंग बदलल्यानंतर लागला असेल तर आणखी एक शक्यता आहे. आजच्या अनेक बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं आणि सेन्सर ते वाचतो. बेअरिंग उलटं ठोकलं तर चाक बिनआवाज फिरतं, पण सेन्सरसमोर चुंबकच नसतो. बसवण्याआधी टाचणी जवळ नेऊन चुंबकाची बाजू ओळखावी आणि ती सेन्सरच्या दिशेला ठेवावी. चुंबकीय कड्याला हातोडीचा धक्का किंवा लोखंडाचा कीस लागू देऊ नये.

सोयाबीन-कापूस घरात येऊन पडला, कडब्याच्या गंजीजवळ गाडी लागायला लागली की उंदीर बोनेटखाली येतात. एखादी तार अर्धी कुरतडलेली असेल तर बिघाड येतो-जातो आणि मेकॅनिकचा जीव खातो. कुरतडलेली तार पिळून टेप मारण्याने भागत नाही. सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवा. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा दिसल्या तर जोडल्यानंतर तशाच पिळून ठेवा. एअरबॅगच्या पिवळ्या तारा मात्र जोडू नयेत.

पुढच्या गाडीपासून अंतर राखणारं अॅडाप्टिव्ह क्रूझ असेल तर वरचं सगळं लागू आहेच, शिवाय रडार आणि कॅमेरा. रडार बहुधा पुढच्या जाळीत किंवा लोगोमागे असतं. चिखल, किडे, पुढे बसवलेलं गार्ड यांनी ते आंधळं होतं. ओल्या फडक्याने पुसा. पुढचा बंपर किंवा काच बदलली असेल तर यंत्रावर कॅलिब्रेशन करून घेणं भाग आहे, त्याला घरगुती इलाज नाही.

स्कॅनरबद्दल थोडं. स्वस्त ब्लूटूथवालं यंत्र इंजिनचे कोड वाचतं, पण स्विच चालू की बंद हे बहुतेक वेळा दाखवत नाही. त्या कंपनीच्या गाडीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर असेल तर लाइव्ह डेटा उघडून ब्रेकचे दोन्ही स्विच, क्लच, वेग आणि क्रूझची बटणं एका पानावर आणा आणि एकेक दाबत जा. काही गाड्यांत क्रूझ शेवटचं कशामुळे सुटलं ते कारणही ईसीएम जपून ठेवतो. रस्त्यावर हे बघायचं असेल तर दुसरा माणूस सोबत घ्या. ड्रायव्हरने स्क्रीनकडे बघायचं नाही. आणि गाडी जॅकवर चढवून, चाकं हवेत फिरवत क्रूझ तपासायचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. जॅकवरून गाडी सुटली तर आवरत नाही.

दुरुस्ती झाल्यावर क्रूझ लागलं म्हणून काम संपलं असं धरू नका, ते सुटतं का हे बघायचं असतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ६० च्या आसपास सेट करा. ब्रेकला हलका पाय लावा, सुटलं पाहिजे. रिझ्युम दाबा, पुन्हा लागलं पाहिजे. मग क्लच, मग कॅन्सल बटण, मग मेन बटण, प्रत्येक वेळी वेगळं करून बघा. शेवटी पार्किंग लाइट आणि इंडिकेटर लावून पुन्हा एकदा. ब्रेक आणि क्लच यांपैकी कोणत्याही एकाने जरी क्रूझ सुटलं नाही तर मेन बटण बंद करा आणि गाडी परत गॅरेजात न्या.